ताट धुऊन पिणारी

उमरगा, मंगळवार

ती. आईस महेश्वरीचं शरणार्थ.

फोनवर तुला माझं नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. माझ्या जेवणाची काळजी करू नकोस. लॅबमधून सुटले की शांतम्मांच्या खानावळीत जाते. गरम भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी, आणि सोमवारी हुग्गी, म्हणजे आपली गव्हाची खीरच. गूळ तुझ्यापेक्षा जास्त घालतात. रागावू नकोस, पण लई चांगली लागते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. जेवण झाल्यावर सवयीनं ताटात पाणी ओतलं, बोटानं ताट धुतलं आणि पिऊन टाकलं. शेजारच्या टेबलावरचे लोक बघतच राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शांतम्मा हुग्गीची आणखी एक वाटी घेऊन आल्या.

"अन्नाचा कण वाया घालवायचा न्हाय, हे कुणी शिकवलं ग?"

"आईनं," म्हटलं.

काल त्यांनी विचारलं, "आई तिकडं एकटीच जेवती?"

"व्हय," मी म्हटलं, "पण रोज नीट ताट वाढून घेते."

खोटं बोलले, आई. अण्णा गेल्यापासून तू गॅसपाशी उभ्यानंच, हातावर भाकरी घेऊन खातेस, हे शेजारच्या मथुरामावशींनी मला कळवलंय. गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का?

मी आठ वाजता जेवायला बसते. तूही आठलाच ताट घेऊन बस. जेवून झालं की दोघी मिळून ताटात पाणी ओतू.

तुझीच,
महेश्वरी