दहा चाळीसची गाडी

प्रिय चिझुरू,

ब्रेकच्या पेडलची बारा मिलिमीटरची पिन, ती धरायचा साचा, साच्याला तेल पाजणारी नळी, आपल्या शेडचं छत आणि तुझी आई सोयाबीन आंबवून मिसो घालायची त्या पिंपाचं झाकण. एवढं मी स्वतःच्या हातानं केलं. शाळा नववीत सुटली, पुढचं लेथनं शिकवलं. तुला हे पाठ आहे. तरी लिहितो, कारण याखेरीज ताठ मानेनं सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

आपण पिना पुरवतो त्या मोटार कंपनीला माल साठवायचा नसतो. मागणीची चिठ्ठी येईल तेवढ्याच पिना, त्याही ठरल्या मिनिटाला. परदेशी पाहुणे तिचं रिकामं गोदाम बघून माना डोलावतात. आपल्याकडे त्यांना कुणी आणत नाही. अचानक जास्तीची चिठ्ठी आली तर अडायला नको, म्हणून मी आजीच्या खोलीत तातामीच्या चटयांवर छतापर्यंत पेट्या रचल्या होत्या. तुझी आई म्हणायची, "अहो, त्यांचं गोदाम माझ्या उशाशी आलंय." मी हसायचो. आपण कंपनीला पुरून उरलो, असं वाटायचं मला.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी कंपनीच्या फाटकावर अकरा मिनिटं आधी पोचलो. लवकर येणं हीसुद्धा चूकच, आत घेत नाहीत. बाहेर थांबलो असताना तुझ्या आईचा फोन आला. जीभ जड झाली होती, उजवा हात उचलत नाही म्हणाली. मी म्हणालो, "सुमिए, माल उतरवतो आणि निघतो." शेजारच्या मोरिशिताबाईंना कळवता आलं असतं. रुग्णवाहिका मागवता आली असती. मी घड्याळाकडे बघत बसलो. दहा चाळीसला आत शिरलो, पेट्या मोजून दिल्या, पोचपावतीवर शिक्का घेतला. घरी आलो तेव्हा ती चुलीपाशी पडली होती. तुला मी सांगितलं, फोन माल उतरवल्यावर आला. ते खोटं होतं.

गेल्या आठवड्यात कंपनीचे इनागाकीसाहेब आले. थायलंडमधल्या नव्या कारखान्याला माल देणाऱ्यांना शिकवायला मी जावं, अशी त्यांची इच्छा. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून अगदी आदरानं म्हणाले, "बायको गेली त्या दिवशीसुद्धा तुमची गाडी दहा चाळीसलाच आत आली. एवढं सांगितलंत तरी पुरे." म्हणजे त्यांच्या नोंदीत ते आहे, कौतुक म्हणून. उद्या कुणी तुलाही कौतुकानंच ऐकवेल, त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. त्यांना मी नाही म्हणालो. दोन वर्षं शिकवायचं, राहायला घर, वर्षाला शहाण्णव लाख येन, असं ते देत होते.

तुझाच,
बाबा