उंदराला घाबरवू नकोस

साडीला टिकल्या लावायच्या कारखान्यातून गायत्री साडेपाचला भेस्तानच्या घरी आली, तेव्हा आईची खाट रिकामी होती. फ्रिजवर तिच्या नवऱ्याची, योगराजची चिठ्ठी होती.

‘गायत्री, मागच्या बागेतल्या पिंजऱ्यात उंदीर सापडलाय. बादलीत बुडवू नकोस, मुका जीव आहे. पिंजऱ्यावर ओलं फडकं टाक, काकडीचा तुकडा दे आणि खाडीपलीकडच्या झुडपात हळूच सोड. नेताना पिंजरा आपटू नकोस, घाबरतो तो.

तुझ्या आईला उधन्याहून सकाळच्या गाडीत बसवून दिलं. फार रडत होत्या. त्यांना दिसत नाही, म्हणून डब्यात शेजारी बसलेल्या बाईला दोंडाईचाला उतरवून द्यायला सांगितलंय. गाडी दोन वाजता पोहोचते, तेव्हा वाल्मिकला स्टेशनवर यायला सांग. तुला कारखान्यात फोन घेऊ देत नाहीत, म्हणून लिहून ठेवतोय. मी ड्यूटीवर चाललो. रागावू नकोस, माझ्याच्याने रोज त्यांचं करणं होत नव्हतं.’

गायत्रीने उभ्या उभ्याच धाकट्या भावाला फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

“ताई, मी तर कालपासून धुळ्याला आहे,” वाल्मिक म्हणाला. “माय कुठे उतरली?”