दोन घोडे आणि एक गिअरबॉक्स

२४ जुलै, शुक्रवार

पिकअप आणली. वापरलेली, पण एकाच हातची. रंग विटकरी. विकणारा म्हणाला, ही घरसुद्धा ओढेल. मी म्हटलं, घर नको, दोन घोडे ओढायचेत. तो हसला. मीही हसलो.

व्हर्नाने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं की ही घोडे नेणाऱ्या मार्लिसच्या ट्रकपुढे एवढीशी का दिसते? बायकोला यातलं कळत नाही. मी आयुष्यभर अख्ख्या वायोमिंगला शेतीचे पाइप विकले. ताकद आकारात नसते, हे मला माहीत आहे.

सासरेबुवा व्हरांड्यातूनच म्हणाले, "जावईबापू, माझा एकेक घोडा टनाचा आहे हो." मी म्हटलं, तुम्ही फक्त मागच्या सीटवर बसायचं. बाकी माझ्यावर सोडा.

सात ऑगस्टला निघायचं. बिगहॉर्न डोंगराचा घाट ओलांडून पलीकडे बफेलोच्या जत्रेत. तिथे जोड्यांची शर्यत असते. लोखंडी घसरगाडीवर सिमेंटचे ठोकळे लादतात, ती घोड्यांनी ओढायची, दर फेरीला ठोकळे वाढत जातात. ऑरिन टॅकेट, म्हणजे आमचे सासरेबुवा, तरुणपणापासून जातात. आता सत्त्याऐंशी वय, एक खुबा बदललेला, दुसरा बदलण्यासारखा. डॉक्टरने सांगितलंय, पुढच्या वर्षापासून लगाम हातात घ्यायचा नाही. घोडेही म्हातारे झालेत. म्हणजे या वर्षी शेवटचं.

आणि नेणार मी.

२६ जुलै, रविवार

रिकामा ट्रेलर जोडून गावाबाहेर चक्कर. उत्तम. पुलाच्या चढावर गाडीने आपणहून खालचा गिअर घेतला तेव्हा एक बारीक धक्का बसला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालवणाऱ्याची सवय शिकून घेतो असं कुठेतरी वाचलंय. शिकतोय.

३० जुलै, गुरुवार

घोडे चढवून टेन स्लीप गावापर्यंत रंगीत तालीम. बिशप डावीकडे, क्लॅरन्स उजवीकडे. सपाटीवर गाडी लोण्यासारखी.

पहिल्या चढाला धाडकन. जणू मागून कुणी लाथ घातली. व्हर्नाची कॉफी तिच्या नव्या ब्लाउजवर. सासरेबुवांची कवळी जागची हलली. त्यांनी ती बसवली आणि म्हणाले, "बिशप विचारतोय, कशाला धडकलो?"

मी समजावलं. चढावर इंजिनाला जोर हवा, म्हणून गिअर खाली येतो. म्हणजे गाडी काम करतेय. व्हर्ना म्हणाली की काम करताना एवढा आवाज माझे वडीलसुद्धा करत नाहीत.

परतीच्या वाटेवर आणखी बरेच. नंतर मी त्यांना दणके म्हणणं सोडलं. बदल म्हणतो.

३१ जुलै, शुक्रवार

कारण सापडलं. टेन स्लीपचं पेट्रोल.

१ ऑगस्ट, शनिवार

आमच्या वर्लंडमध्ये चांगलं पेट्रोल भरलं. तसाच दणका. म्हणजे उंची. हवा विरळ असली की इंजिन गोंधळतं. हे व्हर्नाला सांगितलं. ती म्हणाली, वर्लंड खोऱ्यात आहे, लीलंड.

आजपासून ठरवलं. एक, चढाच्या आधी पाय हलका ठेवायचा. दोन, गाडीशी शांतपणे वागायचं. तीन, सासऱ्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष.

२ ऑगस्ट, रविवार

बिशप ट्रेलरमध्ये चढायला तयार नाही. फळीशी आला, आत वाकून बघितलं, आणि माझ्याकडे वळून उभा राहिला. घोडा असा कुणाकडे बघू शकतो हे मला माहीत नव्हतं. ओढलं, ढकललं, गाजर दाखवलं. गाजर खाल्लं.

सासरेबुवा म्हणाले, "तो विसरत नाही. तू विसरतोस." मग काठी टेकत स्वतःच आत जाऊन उभे राहिले. बिशप मुकाट्याने त्यांच्या मागे गेला. क्लॅरन्सचं तसं काही नाही. क्लॅरन्स गरीब. बिशप जाईल तिथे जातो.

तिसरा ठराव मोडला. उत्तर दिलंच. घोड्यांना हवामान बाधतं, असं म्हणालो.

३ ऑगस्ट, सोमवार

मार्लिस गुंडरसनचा फोन. ही शर्यतीतली आमची जुनी प्रतिस्पर्धी. नवरा गेल्यापासून स्वतःची जोडी स्वतः हाकते, ट्रकही स्वतः चालवते. म्हणाली, ट्रकमध्ये दोन घोड्यांची जागा रिकामी आहे, ऑरिनची जोडी घेऊन जाऊ का? मी म्हटलं, आमची गाडी आहे. ती म्हणाली, बघितली मी ती दुकानासमोर. छान आहे रे, किराणा आणायला. पण त्या दोघांचं ओझं तिला जास्त होईल, गिअरबॉक्स जाईल एखाद्या दिवशी.

आभार मानले आणि फोन ठेवला.

घरी याबद्दल बोललो नाही. माणसांना उगाच पर्याय दिले की त्यांचा गोंधळ होतो.

५ ऑगस्ट, बुधवार

सासरेबुवांनी दिवसभर साज पुसला. चामडं, पितळ, सगळं. व्हर्ना त्यांच्याशेजारी बसून बकलं घासत होती. लहानपणी ती असंच करायची म्हणे. मी गाडी पुसली. मला कुणी हाक मारली नाही.

जेवताना सासरे म्हणाले की यंदा जिंकायचं नाहीये. नुसतं एकदा लोकांसमोर जोडी उभी करायची, हाक द्यायची, आणि दोघांनी एकदम खांदा लावलेला बघायचा. व्हर्ना उठून सिंककडे गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

मी म्हटलं, बाबा, मी तुम्हाला फुलासारखं नेतो.

ते म्हणाले, "फुलांचं ट्रेलरमध्ये काय होतं ते मी बघितलंय."

७ ऑगस्ट, शुक्रवार. टेन स्लीपच्या वर, घाटात. गाडी थंड होईपर्यंत लिहितो.

पहाटे निघणार होतो. बिशपमुळे सूर्य चांगला वर आला. सासरे त्याच्याबरोबर ट्रेलरमध्येच बसून येतो म्हणत होते. कायद्याने चालत नाही, असं सांगून मी त्यांना सीटवर बसवलं. मागच्या खिडकीकडे तोंड करून बसलेत.

घाट सुरू झाला आणि बदलही. वळण, चढ, धाडकन. वळण, चढ, धाडकन. पाय हलका ठेवला तर गाडी रखडते, आणि रखडली की दोन गिअर एकदम खाली पडते, ते आणखी वाईट. पाय दाबला तर लगेच पडते. मी मधला मार्ग शोधत होतो. व्हर्नाने मानेमागे स्वेटर गुंडाळून ठेवला आणि डोळे मिटले. प्रार्थना करत असावी असं वाटलं. नंतर कळलं, मला द्यायच्या शिव्या मोजून ठेवत होती.

मग एक मोठा दणका, आणि मागून वेगळाच आवाज. सासरे ओरडले, थांब. मी म्हटलं, चढावर थांबलो तर पुन्हा सुटणं अवघड. ते म्हणाले, "थांब म्हटलं ना!" इतक्या वर्षांत ते माझ्यावर असे ओरडले नव्हते. टोमणे मारतात, ओरडत नाहीत.

थांबलो. क्लॅरन्स गुडघ्यांवर पडला होता. बिशप त्याच्या अंगाला अंग लावून, त्याला टेकू देत उभा. उठवला. पुढच्या डाव्या गुडघ्याचं कातडं सोललंय, थोडं रक्त. सासरे उलट्या बादलीवर बसून डब्यातल्या बर्फाचं फडकं गुडघ्याला लावतायत. क्लॅरन्स त्यांच्या टोपीचा वास घेतोय. व्हर्ना रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी आहे.

वारा जोरात आहे. वाऱ्यामुळे असेल.

तोच दिवस, संध्याकाळ. बफेलो.

घाट ओलांडला. हे प्रथम नोंदवतो. वरून उतरताना मीच हाताने खालच्या गिअरात टाकून हळूहळू आणली. दणके बसले, पण लहान. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आम्हाला मागे टाकून गेला. एक सायकलवाला धरून.  

जत्रेच्या मैदानाचं गेट दिसलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. म्हटलं, बघा, पोचलो की नाही? गेटपाशी मातीचा उंचवटा आहे. अगदी बारीक. गाडीने गिअर खाली घेतला, आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. इंजिन गर्जत होतं, गाडी जागची हलेना. पुढे नाही, मागे नाही. जळका वास. नेमकी गेटमध्ये. ट्रेलर बाहेर, तोंड आत.

मागे रांग लागली. घोड्यांच्या गाड्या, मेंढ्यांच्या गाड्या, पाळण्याचे सांगाडे नेणारा एक ट्रक. भोंगे वाजायला लागले. रांगेतून मार्लिस चालत आली. बॉनेटखालून निघणारा धूर बघितला, मग क्लॅरन्सचा गुडघा बघितला. म्हणाली, "लीलंड, मी फोन केला होता ना?"

व्हर्ना म्हणाली, "कुठला फोन?"

मार्लिसने सांगितलं. मला वाटलं, व्हर्ना आता बोलेल.  नुसती माझ्याकडे बघत राहिली, दुकानात एखादी वस्तू परत करावी की नको असं बघतात तशी. मग वडिलांना उतरवायला गेली.

क्रेन दुसऱ्या गावाहून यायची होती. सासऱ्यांनी क्लॅरन्सला गोल फिरवून चालवून बघितलं, गुडघा दाबून बघितला. लंगडत नव्हता. म्हणाले, साज बाहेर काढा. व्हर्ना नको म्हणत होती. ते म्हणाले, ही चाकांची गाडी आहे पोरी, त्यांना हे काहीच नाही, आणि दिवसभर आखडलेत, जरा अंग मोकळं होईल. दोघा बापलेकींनी जोडीवर साज चढवला आणि साखळी माझ्या पिकअपच्या पुढच्या हुकात अडकवली. मला सांगितलं, आत बस, गिअर काढून ठेव, स्टिअरिंग सरळ. बाकी काही करू नकोस.

बसलो. काचेतून दोन मोठी ढुंगणं आणि काठीवर टेकलेली वाकडी पाठ एवढंच दिसत होतं. भोंगे बंद झाले. लोक गाड्यांतून उतरून कठड्यावर चढले. सासऱ्यांनी काठी व्हर्नाच्या हातात दिली. लगाम घेतला. ओरडले नाहीत. दोघांची नावं घेतली फक्त, जेवायला हाक मारतात तशी.

गाडी कधी सुटली मला कळलं नाही. गेटचा खांब मागे जायला लागला तेव्हा समजलं की मी चाललोय. पिकअप, ट्रेलर, मी, सगळं. अजिबात धक्का नाही. मैदानाच्या कडेला नेऊन उभं केलं, तेही अलगद.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चुकून हात वर केला.

सासरेबुवा खिडकीशी आले. दम लागला होता, पण चेहरा चांगला होता. म्हणाले, "स्टिअरिंग छान धरतोस रे. दुसरा कुणी ओढत असला की."

८ ऑगस्ट, शनिवार

सकाळी क्लॅरन्सचा गुडघा कलिंगडाएवढा. जत्रेची पशुवैद्य बाई आली, हात लावला, मान हलवली. म्हणाली, आज ओढायचं नाही. सासरेबुवांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं घालतील. मी घालायला तयार होतो. ते म्हणाले, बरोबर आहे, आणि दोघांना खरारा करत बसले. शेपट्यांना लाल फितीही बांधल्या, जशा शर्यतीला बांधतात.

मी व्हर्नाला म्हटलं की तसं बघितलं तर काल गेटवर ओढल्यामुळेही सूज आली असेल. घाटामुळेच असं नाही. ती म्हणाली, "लीलंड, आज एक दिवस बोलू नकोस."

दुपारी शर्यत. सासरेबुवा बघायला आले. इस्त्रीचा शर्ट, गॅलिस, सगळं. व्हर्ना घोड्यांपाशी थांबली, म्हणून मी त्यांच्या शेजारी. फळ्यांच्या पायऱ्यांवर, उन्हात. ओळखीचे लोक येऊन त्यांचा हात हातात घेत होते. कालचं बघितलं ऑरिन, म्हणत होते. काय सुटली जोडी. एकाने विचारलं, ती मेलेली पिकअप कुणाची? सासरे म्हणाले, होती कुणाचीतरी.

म्हणजे कालचं ते शेवटचं. हे माझ्या डोक्यात त्या वेळी आलं. फाटकात, माझ्या गाडीला जुंपून.

मला त्यांच्याशी बोलायचं होतं. मनात वाक्य तयार केलं होतं. तोंड उघडलं आणि गिअरबॉक्सबद्दल सुरू झालो. की गाडीचा आधीचा मालक कशी चालवत होता देव जाणे, की उंचीमुळे तेल पातळ होतं, की विकणाऱ्याने मला स्पष्ट शब्द दिला होता. बराच वेळ बोललो. उत्तर येईना म्हणून बघितलं, तर ते माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले होते. टोपी मांडीवर.

मार्लिसची जोडी जिंकली. सगळे उभे राहिले. मी उठलो नाही. खांदा आखडला, मान आखडली, मुंग्या आल्या, पाठीवर ऊन. हललो नाही. लोक निघून गेले, फळ्या झाडायला माणसं आली, तरी बसून राहिलो.

९ ऑगस्ट, रविवार

परतीचा प्रवास मार्लिसच्या ट्रकमध्ये. पिकअप बफेलोलाच, तिथल्या गॅरेजच्या मागे. गॅरेजवाला म्हणाला, हिचे सुटे भाग घेईन.

पुढे सासरेबुवा, मागे मी आणि व्हर्ना. मध्ये साजाचं बोचकं, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नव्हता. घाटात चढ लागला. ट्रकने गिअर कधी खाली घेतला ते इंजिनाचा सूर बदलला तेव्हाच कळलं. मी लक्ष ठेवून होतो. मार्लिसचा ट्रक डिझेल आहे, त्याचं वेगळं असतं, असं सांगणार होतो.

वर खिंडीपाशी मार्लिसने आरशातून बघत विचारलं, "गाडीचं नेमकं झालं काय?"

 सासरे बाहेर बघत होते.  

मी म्हटलं, ओझं झेपलं नाही.

मार्लिस हं म्हणाली. आणि तिने ट्रक वर्लंडच्या उताराला लावला.