दोन चेनचा पांढरा ड्रेस

१८ ऑगस्ट, सोमवार
काल गुंजनचं नामकरण झालं. पोटच्या मुलीचं नाव मी भिंतीपलीकडून ऐकलं. ऐन वेळी तिला भूक लागली, म्हणून मी आतल्या खोलीत तांदळाच्या पोत्यावर बसून, पदर सांभाळत पाजत होते. बाहेर टाळ्या वाजल्या. हे पुन्हा होणार नाही.

ठरलं. विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचं, गुंजनला मांडीवर घेऊन. गेल्या वर्षी उलट्यांमुळे चुकलं. सासूबाईंनी विचारलं, एवढ्या गर्दीत लेकराला पाजशील कुठं? माझ्याकडे प्लॅन तयार आहे. पांढरा ड्रेस, समोर दोन छुप्या चेन. चेन उघडायची, पाजायचं, बंद. कोणाला पत्ता लागणार नाही. शिवणक्लासात मला ए ग्रेड होता. आठ दिवसांचं काम.

२१ ऑगस्ट
संघपालने पवनीहून कापड, अस्तर, चेन आणल्या. असा ड्रेस रेडिमेड मिळत नाही का, असं विचारत होता. नवऱ्यांना फिटिंग कळत नाही.

मापं घेतली. सकाळी छाती अडतीस. पाजल्यावर छत्तीस. संध्याकाळी परत अडतीस. टेप खराब आहे. सरासरी सदतीस धरली.

२६ ऑगस्ट
कटिंग झालं. समोरचे दोन्ही भाग डावेच निघाले. दर दोन तासांनी पाजायला उठावं लागतं, मग डोकं कुठून चालणार? नवीन कापड मागवलं.

३० ऑगस्ट
नव्या कापडावर माझ्याच दुधाचे डाग. धुतलं. आता अस्तर डबल लावणार.

मी मशीनवर असताना गुंजन रडून लाल झाली. सासूबाईंनी बाटली आणि पावडरच्या दुधाचा डबा मागवला. मी हो म्हटलं. फक्त कटिंगपुरतं.

५ सप्टेंबर
शेजारच्या कुंताबाई येऊन गेल्या. ब्लाऊज शिवतात, म्हणून स्वतःला टेलर समजतात. चेन चार बोटं खाली लागल्या आहेत म्हणे. "पोटावर पाजशील का वं?" असं सासूबाईंसमोर म्हणाल्या. जळतात.

६ सप्टेंबर
चेन चार बोटं खालीच होत्या. उसवल्या.

१२ सप्टेंबर
आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या. अंगावर पाजता ना, असं विचारलं. मी सरळ ड्रेस आणून दाखवला. एवढी तयारी गावात कोणी केली आहे का? त्या मात्र डब्याकडेच बघत होत्या. डबा तात्पुरता आहे, उद्यापासून बंद, असं सांगून टाकलं.

१३ सप्टेंबर
उद्यापासून. आज गळा लावायचा आहे.

१७ सप्टेंबर
गुंजन फार समजदार झाली. आजीकडे बाटली संपवते आणि तीन-तीन तास झोपते. माझ्याकडे घेतलं की तेवढी कुरकुरते, तोंड फिरवते. नव्या कापडाच्या कांजीचा वास येत असेल. दोनदा धुवायला हवं.

२२ सप्टेंबर
ट्रायल. दिवसभर ड्रेस अंगावर ठेवला, एक डाग नाही! डबल अस्तराची आयडिया शंभर टक्के यशस्वी. छातीत तेवढा दोन इंच ढिला झाला आहे. टेप खराब होता, हे मी तेव्हाच म्हटलं होतं. टिपा घालून बसवला.

हा ड्रेस बघून बायका ऑर्डर देणार. पाटीवर काय लिहायचं, त्याचा विचार चालू आहे.

२९ सप्टेंबर
ड्रेस पूर्ण. चेन एका हाताने चार सेकंदांत उघडते, मोबाइलवर वेळ लावून बघितली. गुंजन आजीजवळ झोपली होती, म्हणून प्रॅक्टिस उशीवर केली. बाटली आता नागपूरहून आल्यावर बंद करू. प्रवासाच्या तोंडावर लेकराची सवय कशाला मोडायची?

३ ऑक्टोबर, सकाळ
काल आसगावहून पहाटेच्या गाडीने निघालो. दीक्षाभूमीवर जिकडे बघावं तिकडे पांढरे कपडे. आम्ही सतरंजी टाकून बसलो. अकराच्या सुमारास गुंजन रडायला लागली. मी याच घटकेची वाट बघत होते. संघपालकडे बघून हसलेसुद्धा.

चेन तीन सेकंदांत उघडली. शेजारच्या बाईलाही कळलं नाही. गुंजनने तोंड लावलं, सोडलं, आणि अंग ताठ करून जोरात रडली. मी दुसरी चेन उघडली. तिकडेही तेच. दूधच नव्हतं. डाग का पडत नव्हते, ते तेव्हा कळलं.

सासूबाईंनी पिशवीतून थर्मास आणि बाटली काढली. ती घरूनच भरून आणली होती, मला न विचारता. तरी मी गुंजनला छातीशी धरून बसले होते. तेव्हा हळूच म्हणाल्या, "राहू दे प्रतीक्षा. तिले आता बाटलीच समजते."

त्यांच्या मांडीवर ती गटगट प्यायली. मी दोन्ही चेन लावल्या. व्यवस्थित लागल्या, कुठे अडकल्या नाहीत. मग मला रडू आलं, एवढ्या लोकांत. डोळे पुसायला हात खांद्याकडे गेला, आणि पदर नव्हता.