तिसऱ्यांदा विचारल्यावर

टूसॉन, अ‍ॅरिझोना
४ ऑक्टोबर १९७४

चि. अर्विद यास थोराताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण आपली आई. तिची गेली तीन पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. तिन्हींत नुसतं हवामान! पाऊस पडला, धुकं आलं, बागेत दव गोठलं. अरे, ऑक्टोबर उजाडला आणि चर्चच्या मासळीच्या जेवणाबद्दल अवाक्षर नाही? दर वर्षी या दिवसांत वाळका मासा किती मागवला, तो कधी भिजत घालायचा, गेल्या खेपेला यॉर्डिसबाईंनी पांढरा सॉस कसा पाणचट केला, हे सगळं मला इथे वाळवंटात बसून पाठ झालेलं असतं.

एकेचाळीस वर्षं तिने चर्चच्या तळघरातलं ते स्वयंपाकघर चालवलं. तुला बटाट्याच्या खोक्यात निजवून ती लेफ्सच्या पातळ पोळ्या लाटायची. एका हातात लाटणं, दुसऱ्या हातात आजोबांनी नॉर्वेहून येताना बोटीत आणलेली ती पोळी उलटायची लांब काठी, आणि तू रडलास की खोकं हलवायचं काम माझ्याकडे. गावात कुणी गेलं की घरची माणसं डोळे पुसतात न पुसतात तोच आईची कॉफी उकळलेली असायची. अशी बाई सुखासुखी गप्प बसेल?

तिला बरं नाही का? लपवू नकोस. तू पाच मैलांवर राहतोस, तुला दिसत नसेल असं नाही. विचारायचं सुचलं नसेल, एवढंच. लाव्हॉनला सांग, तुझ्या बायकोचं लक्ष असतं.

माझा लोभ आहेच. उत्तर लवकर टाकलंस तर वाढेल.
थोराताई

नॉर्डवांग, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस अर्विदचा सा. न. वि. वि.

बीट काढणी चालू आहे, म्हणून उशीर. रागावू नकोस.

आई ठणठणीत आहे. परवा शिडीवर चढून खिडक्या पुसत होती, मी ओरडलो तर मलाच फडकं धरायला लावलं. पण तुझं नाक तीक्ष्ण, काहीतरी बिनसलंय खरं. चुलीशेजारच्या खिळ्यावरची चर्चच्या स्वयंपाकघराची किल्ली गायब आहे. विचारलं तर म्हणाली, पाठवून दिली. कशी, तर पाकिटात घालून, तिकीट लावून, पोस्टाने! चर्च तिच्या दारासमोर रस्त्यापलीकडे. का परत केली, तर म्हणे नव्या लोकांनाही संधी मिळायला हवी. मग कॉफी घेतोस का विचारलं. मी नको म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी म्हटलं कशाला त्रास. तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतली, सोबत तीन प्रकारची बिस्किटं. म्हणजे तेवढं तरी जागेवर आहे.

लाव्हॉनच्या मते यॉर्डिसबाईंशी भांडण झालं असावं. त्या दुकानात बटाट्यांच्या पोत्यांपुढे रडवेल्या चेहऱ्याने उभ्या होत्या म्हणे.

ताई, हसण्यावारी नेण्यासारखं नाही हे. गुरुवारी बायका गोधड्या शिवायला जमतात ना, त्या वेळी मी तिच्याकडे गेलो होतो. पडद्याआड उभी राहून तळघरात कोण कोण उतरतंय ते मोजत होती. त्या स्वयंपाकघराशिवाय ती वाळून जाईल. मला भीती वाटते.

लोभ असावा, मी लिहायला कितीही कंटाळलो तरी.
अर्विद

टूसॉन
१७ ऑक्टोबर १९७४

चि. अर्विद यास अ. आ.

भांडण? काहीतरीच! त्या दोघी तीस वर्षं भांडताहेत, त्यावरच ते जेवण शिजतं. भांडण झालं असतं तर आई दुप्पट जोमाने गेली असती.

कुणीतरी काहीतरी बोललं असणार. उन्हाळ्यात नवा पास्टर आला ना, कॅलिफोर्नियाचा? जा आणि त्यालाच विचार. बीट काही पळून जात नाहीत. मला इथे जेवण गोड लागेना, आमचा रुबेन म्हणतो, नवरा कामावर गेला की बायकोची हेरगिरी सुरू होते.

लोभ ठेव आणि पाय उचल.
थोराताई

नॉर्डवांग
२५ ऑक्टोबर १९७४

ती. ताईस सा. न. वि. वि.

गेलो बाई पास्टरकडे. आता बसून वाच.

माणूस सज्जन आहे. म्हणाला, सप्टेंबरात तो स्वतः आईकडे गेला, यंदाचं जेवण सांभाळाल का म्हणून अदबीने विचारलं. आई म्हणाली, छे, आता माझे हात पूर्वीसारखे नाहीत, यॉर्डिस माझ्याहून चांगलं करेल. त्यावर या बाबाने तिचे दोन्ही हात हातात घेतले, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानले, आता आराम करा म्हणाला आणि उठून आला! त्याला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावरचा भार उतरवला. वर यॉर्डिसबाईंचं नाव फळ्यावर लावलं, त्या तेव्हापासून झोपलेल्या नाहीत.

एकदाच विचारलं, ताई. एकदाच! त्याच्याकडे कॅलिफोर्नियात नाही म्हणजे नाहीच. मग मी त्याला सगळं उलगडून सांगितलं. पहिलं नाही म्हणजे रीत, दुसरं नाही म्हणजे समोरच्याला खरंच हवंय का याची चाचपणी, आणि तिसऱ्याला काय ते उत्तर. मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. बिचाऱ्याचा चेहरा पडला, लिहून द्या म्हणाला. दिलं लिहून.

घरी येताना मात्र तुझी आठवण झाली, आणि ती चांगली नव्हती. बाबा गेले त्या वर्षी तू आईला फोनवर हिवाळ्यासाठी बोलावलं होतंस. ती नको म्हणाली, आणि तू बरं म्हणालीस. तुला ठाऊक नाही, पण त्याच आठवड्यात तिने दुकानातून एक तपकिरी बॅग आणली होती. ती अजून कपाटात आहे. दुकानाची चिठ्ठी तशीच लटकते आहे.

तुला दुखवायला लिहीत नाही. मीही तेव्हा तोंड उघडलं नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
अर्विद

टूसॉन
३१ ऑक्टोबर १९७४

ती. आईस थोराचा शि. सा. न. वि. वि.

आई, सात वर्षांपूर्वी मी तुला हिवाळ्यासाठी इकडे बोलावलं होतं. तू म्हणालीस, तुमच्या संसारात मी कशाला लुडबुडू. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. इतकी वर्षं बाहेर राहून मी आपली रीतच विसरले गं. रुबेनने पहिल्याच भेटीत पहिल्या विचारण्याला हो म्हणून केक उचलला, तेव्हा आपण सगळे त्याला हसलो. चुकले मीच. मला फार लाज वाटते.

म्हणून आज दुसऱ्यांदा विचारते. या हिवाळ्यात माझ्याकडे ये. अंगणात संत्री लागली आहेत. पुढचं पाकीट उद्या टाकते.

तुझा लोभ माझ्यावर कधी आटला नाही, हे कळतं मला.
तुझी थोरा

टूसॉन
१ नोव्हेंबर १९७४

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

येतेस ना?

थोरा

नॉर्डवांग
१० नोव्हेंबर १९७४

चि. थोरा हीस अनेक आशीर्वाद.

हवा कोरडी, उत्तरेचा वारा. हवामान आधी लिहिलं, कारण तू माझी पत्रं त्यासाठीच वाचतेस असं ऐकते.

पास्टर परवाच्या सोमवारी पुन्हा आला. मी नाही म्हटलं, म्हणायलाच हवं. गुरुवारी तिसऱ्यांदा आला. मध्येच खिशातून एक कागद काढून बघत होता. अर्विदचं अक्षर मी दारातून ओळखते, शाळेतही असंच गिचमिड काढायचा. मी किल्ली घेतली. यॉर्डिसने मला मिठी मारली, मग लगेच सॉसवरून वाद घातला. मासा कुणीच मागवलेला नव्हता, सगळ्यांना घाम फुटला. मी ऑगस्टातच मागवून ठेवला होता. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तुझी दोन्ही पाकिटं पोस्टमनने एकाच दिवशी आणली. एक लगेच उघडलं. दुसरं तीन दिवस फडताळावर ठेवलं, हावरटासारखं उघडणं बरं दिसत नाही. आज सकाळी उघडलं.

नाताळ झाला की निघते. रुबेनला सांगून ठेव, पोचल्यावर मी कॉफीला नको म्हणेन. पुढचं त्याला शिकव.

मुलांवर, आणि त्या हो म्हणणाऱ्या जावयावरही, माझा लोभ आहे असं समज.
तुझी आई

ता. क. तेव्हा मी एक बॅग आणून ठेवली होती, उगाच आपली. आज तिच्यावरची चिठ्ठी कापली.