खार्तूमहून न आलेले कागद

बाई, आज आपण जिंकलो. कोण, कुठे, कशात, हे विचारल्याशिवाय तुम्ही वर्गात कुणाची पाठ थोपटत नव्हतात, म्हणून नीट सांगते. इथे विनिपेगमध्ये एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आज सकाळी एक सुदानी तंत्रज्ञ पांढरा कोट घालून कामावर रुजू झाली. खार्तूममध्ये बारा वर्षं तिने हेच काम केलं होतं, रक्त तपासायचं. इथे आल्यावर दोन वर्षं मात्र ती ग्रोसरीच्या दुकानात मांसाचे काप करून देत होती, कारण शिक्षणाचे कागद नव्हते. आणि कागद नाहीत, सबब अर्ज अपूर्ण, असं तिला लेखी कळवणारी मीच. रागावू नका. परदेशात शिकून आलेल्यांचे कागद तपासायचे, हीच माझी नोकरी आहे. गुणपत्रिका कॉलेजकडून थेट, सीलबंद पाकिटात आली पाहिजे, असा नियम. तिची आली नाही. मी पत्र पाठवलं, फाइल बंद केली आणि जेवणाचा डबा उघडला.

महिनाभराने ती ऑफिसात येऊन उभी राहिली. बाहेर उणे तीस, बसने आलेली, पापण्यांवर बर्फ साचलेला. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माझ्या कॉलेजचं पाकीट हवंय. कॉलेज जळलंय. पाकीट चिकटवणार कोण?" आवाज चढवला नाही तिने. मी सवयीने "आय अंडरस्टँड" म्हणाले आणि माझी मलाच लाज वाटली. कोट घातला आणि तिला खालच्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेले. तुम्ही इतिहास शिकवताना लढाईची कारणं विचारायचात, आणि "राजाला राग आला" असं कुणी म्हटलं की खाली बसवायचात. तिला मी तेच विचारलं, ही लढाई कशावरून? तिने कपाभोवती हात धरले आणि जे सांगितलं त्याला तुम्ही पैकीच्या पैकी दिले असते. "लांब पश्चिमेला लोकांनी डोकं वर काढलं, तेव्हा सरकारने नुसतं आपलं सैन्य नाही पाठवलं. तिथल्याच टोळ्यांना बंदुका दिल्या. गावं जाळा म्हणाले, त्यांनी जाळली. आम्ही खार्तूममध्ये बसून टीव्हीचं चॅनेल बदललं. पुढे त्या टोळ्यांना गणवेश मिळाला, सोन्याच्या खाणी मिळाल्या, आणि एका देशात दोन सैन्यं झाली. दोन्ही सेनापतींनी आधी मिळून सरकार उलथवलं. मग प्रश्न आला, कोणी कोणाच्या हुकमाखाली राहायचं. त्याचा निकाल त्यांनी आमच्या गल्लीत लावला."

मग गल्लीचं सांगितलं. इस्पितळाच्या गच्चीवर बंदुका चढल्या, वीज गेली, फ्रिजमधलं साठवलेलं रक्त नासलं. तिची आई इन्सुलिन न मिळाल्याने गेली. कबरस्तानापर्यंत जाता येईना, म्हणून अंगणातच पुरली, लिंबाच्या झाडाजवळ. भावाला घरातून उचललं, त्याचा पत्ता अजून नाही. घर कुणी दाखवलं विचारलं तर म्हणाली, शेजाऱ्याने, ज्याच्या बायकोचं बाळंतपण आईने केलं होतं. हे सांगताना तिने पहिल्यांदा कप खाली ठेवला. बाई, आमची वस्ती जाळली त्या दिवशी जाळणाऱ्यांना घरं दाखवत फिरणारा माणूस गावातलाच होता, किराणा दुकानाचा मालक. आई त्याच्याकडून रोज तेल आणायची.

मला आपल्या शाळेपुढचं अंगण अजून दिसतं. आग विझून आठ दिवस झालेत. समाजमंदिरातली आपली शाळा गेली आहे, पत्र्याची पेटी गेली आहे आणि पेटीतलं जनरल रजिस्टरही. त्यात नाव, जन्मतारीख, इयत्ता, सगळं. ते नसलं तर दाखला नाही, आणि दाखला नसला तर तालुक्याची शाळा दारातही उभं करणार नाही. तुम्ही सकाळच्या एसटीने येता, कडुनिंबाखाली पोतं टाकून बसता आणि कोऱ्या वहीवर रेघा मारायला लागता. एकेकाला समोर बोलावता. आईला विचारता, ही कधीची? आई सांगते, ज्वारी काढायला आली होती तेव्हाची, नवी विहीर लागली त्या साली. तुम्ही तिच्या शेजारणीला बाजूला नेऊन वेगळं विचारता, दोघींचं जुळलं की तारीख लिहिता आणि दोघींचे अंगठे घेता. माझी पाळी येते तेव्हा मी रडत असते, आता माझं नाव कुठंच नाही म्हणून. तुम्ही चष्म्यावरून बघता. "रडून नाव लागत नाही. वही जळली म्हणून तुझे पाढे जळले का? म्हण सतराचा." मी सातव्याला अडखळते. तुम्ही म्हणता, "पुन्हा." दुसऱ्यांदा मी धडाधड म्हणते आणि तुम्ही माझ्या नावापुढे इयत्ता चौथी लिहिता, एवढ्या जोरात की पुढच्या पानावर उमटतं. त्या वहीवरून निघालेला दाखला माझ्या इथल्या फाइलमध्ये सगळ्यात तळाशी आहे.

तर कॉफी गार झाली आणि मला कळलं काय करायचं ते. सुदानीला म्हटलं, तुझ्या वर्गातल्या मुली कुठे आहेत? एक कैरोत होती, एक कॅल्गरीत, एक सौदीत. तिघींना वेगवेगळं व्हिडिओवर बसवलं, शपथेवर. कोण काय शिकवायचं, प्रात्यक्षिकं कोणती, कुठल्या सरांचा हात थरथरायचा. तिघींचं जुळलं. शिवाय मी शिफारस लिहिली की हिची प्रत्यक्ष परीक्षा घ्या, हात बघा, डोळे बघा. मॅनेजर म्हणाला, असं कधी केलेलं नाही. मी म्हटलं, मग आता करू. घरी नवऱ्याने डोक्याला हात लावला. "अगं, पॉलिसी इज पॉलिसी. तू कशाला एस्कलेट करतेस? इथे विंटर टायर्स लावायला वेळ नाही तुला." लेक फोनमधून मान वर न करता म्हणाली, "डॅड, लेट हर कुक." बाई, हा स्वयंपाकाचा विषय नव्हता. आजकालची मुलं पाठिंबा असा देतात. मी चार वेळा अर्ज मांडला. तीनदा परत आला, चौथ्यांदा सही झाली.

परीक्षेला मी काचेबाहेर उभी होते. एक निवृत्त परीक्षक बोलावला होता, मितभाषी, चाळीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर काढलेला. त्याने मलेरियाच्या रुग्णाच्या रक्ताची एक काचपट्टी दिली, वर लिहिलेला जंतूचा प्रकार झाकून. तिने बघितली, काच सरकवली, परत बघितली. मला वाटलं अडकली. मग म्हणाली, "सर, तुम्ही एकच उत्तर मागितलंय. यात दोन आहेत. दोन प्रकारचे जंतू, एकाच माणसात." परीक्षकाने स्वतः बघितलं. बराच वेळ बघितलं. ही काच तो कित्येक वर्षं परीक्षेला वापरत होता, एकच प्रकार म्हणून. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "शी इज राइट." इथे वर्षात मलेरियाचे रुग्ण येतात किती, आणि तिने पावसाळेच्या पावसाळे तेच बघण्यात घालवलेले. मी आनंदाने वॉशरूममध्ये जाऊन हुंदके देऊन रडले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पुन्हा. पण तिला पुन्हाची गरजच नव्हती. आता तिच्यासाठी वापरलेली पद्धत लेखी नियम झाली आहे. ज्यांचं कॉलेज लढाईत गेलं त्यांचे साक्षीदार घ्यायचे आणि हात बघायचे. तिच्यानंतर येमेनच्या एकाचा अर्ज माझ्या टेबलावर आलाय आणि मी तो बंद करणार नाही.

आज दुपारी ऑफिसात तिच्यासाठी केक आणला होता. ती पहिली पाळी संपवून खजुराची बिस्किटं घेऊन आली. सगळ्यांसमोर तिने आईचं सांगितलं, अंगणाचं सांगितलं, शेजाऱ्याचंही. मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाला, ही कल्पना तुला सुचली कशी? सगळे बघायला लागले. टेबलाशी आपल्याकडचा एक जण बसला होता, आधी आडनाव विचारून मग गप्पा मारणारा. तुमचं नाव घेतलं असतं तर रजिस्टर का जळलं ते सांगावं लागलं असतं, आणि आमचीच वस्ती का जाळली तेही. ती सुदानी बिस्किटाचा डबा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, त्यामुळे तुम्हाला खरं सांगते. मी म्हणाले, कुठेतरी वाचलं होतं.