काटा जरा सरकलाय

तीर्थस्वरूप दादास शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग टेबलाखालीच घातला, डायलचा स्क्रू तिथे घरंगळला होता.) ऑपरेशननंतर घसा कसा आहे? काही गिळता येतं का?

मागे आपण रेडिओवर नेहमीच्या फ्रिक्वेन्सीला भेटलो, तेव्हा तू म्हणालास, "तुझा काटा जरा सरकलाय." तू डायलबद्दल बोललास, मी ते डोक्याबद्दल घेतलं. (तुझी भावजय मागे हसली, म्हणून जास्तच.) म्हटलं, असा काटा जुळवतो की थोरल्याने तोंडात बोट घालावं! संचातलं खुणेचं बटण दाबलं की शिट्टी वाजते. डायल फिरवावी तशी ती उतरत उतरत मुकी होते. तिथे काटा आकड्यावर आणून स्क्रू आवळायचा. शिट्टी वाजली, उतरली, मुकी झाली, मी आवळला.

त्यानंतर दर रविवारी हाका मारल्या, तुझं उत्तर नाही. थोरला रुसला, दुसरं काय! मग मीही तोंड फुगवलं. ऑपरेशनच्या दिवशी ही दारात पिशवी भरून उभी, आणि मी म्हणालो, "ज्याला माझ्याशी बोलायचं नाही त्याला बघायला मी येत नाही." ही एकटीच आली.

काल सहज काटा तपासायला बसलो, तर शिट्टीच येईना. मी चरफडतोय, तर ही आतून म्हणाली, "अहो, किटली अजून ठेवली नाहीये." (खुणेचं बटण मी काल दाबलं नव्हतं, आणि तेव्हाही नाही; तेव्हा वाजली ती किटली.) म्हणजे इतके दिवस मी भलत्याच जागी ओरडत होतो, आणि तू बरोबर जागी. डॉक्टरांनी तुला मोजकंच बोलायला सांगितलं होतं, ते मोजके शब्दही तू मला हाका मारण्यात घालवलेस, हे वहिनींकडून कळलं. दादा, मला जेवण गेलं नाही. फार वाईट वागलो रे.

आता काटा खऱ्या शिट्टीवर नीट बसवला आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सरकलेला धाकटा

ता. क. : रविवारी बोलू नकोस. नुसतं माइकचं बटण दाबून सोड, तेवढी खटखट मला पुरे.

ता. क. २ : पाकीट चिकटवताना वहिनींचा फोन आला. मी सापडत नाही म्हणून तूही आपला चांगला काटा सरकवून बसलायस म्हणे! आकडा त्यांना सांगता येईना. आता कशाला हात लावू नकोस. कुठे आहेस तेवढं लिहून कळव. चुकीच्या जागी असलास तरी तिथेच थांब, मी येतो.